शेताचें दफ्तर आणि घरचा सर्व्हर

सातबाराचा उतारा सरकारी दफ्तरांत असतो, कर्जाचें खातें सोसायटींत असतें, उंसाच्या वजनाची पावती कारखाना देतो. परंतु कोणत्या तुकड्यास कोणत्या दिवशीं कोणतें औषध फवारलें, खोडव्यास खत किती घातलें, वैशाखांत विहिरीचें पाणी किती खालीं गेलें व कोणत्या गड्यानें किती उचल घेतली, ही माहिती शेतकऱ्याखेरीज दुसरा कोणीही ठेवीत नाहीं. ती त्यानें ठेविली नाहीं तर ती कोठेंच राहत नाहीं. युरोपांत द्राक्षें पाठविणाऱ्या बागाइतदारास तर फवारणीच्या तारीखवार नोंदी दाखवाव्याच लागतात. त्या वेळीं नुसत्या आठवणीचा उपयोग होत नाहीं.

हें दफ्तर वहींतून काढून संगणकावर आणण्याची खटपट आमच्या सभासदांपैकीं कांहींच्या घरीं शिकलेलीं मुलें करूं लागलीं आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. घरांतच एक लहान संगणक रात्रंदिवस चालू ठेवावयाचा, त्यांत नोंदींचें दफ्तर म्हणजे डेटाबेस ठेवावयाचा, आणि प्रत्येकानें घरच्या वायफायवरून आपल्या मोबाइलवर तें उघडून नोंद करावयाची, अशी ही व्यवस्था आहे. अशा संगणकास सर्व्हर म्हणतात. या व्यवस्थेस आमची पूर्ण अनुकूलता आहे. परक्या कंपनीच्या ॲपमध्यें दहा वर्षांच्या नोंदी भराव्या आणि एके दिवशीं त्या कंपनीनें दर वाढवावा किंवा दुकान बंद करावें, ही परिस्थिति आपली वही अडत्याच्या पेटींत ठेवण्यासारखीच आहे. मात्र या कामांत सगळा उत्साह मांडणींत खर्च होतो आणि पुढील राखणीकडे कोणी पाहत नाहीं, असें आम्हांस दिसून आलें आहे. म्हणून चार शब्द स्पष्ट लिहिणें जरूर वाटतें.

मांडणी आतां फारशी कठीण राहिलेली नाहीं. शेताच्या नोंदींकरितां फार्म-ओएस नांवाचा मोफत प्रोग्रॅम मिळतो. तो ड्रुपल या दुसऱ्या मोफत प्रोग्रॅमच्या पायावर रचलेला असून त्याच्याखालीं पोस्टग्रेस हा डेटाबेस ठेवावा अशी त्याच्या कर्त्यांची शिफारस आहे. पोस्टग्रेसचें मूळ अमेरिकेंत बर्कली येथील विद्यापीठांत १९८६ सालीं सुरू झालेल्या कामांत आहे. तोही फुकट मिळतो. याहून साधें हवें असेल त्यास एकाच फाइलींत राहणारा एसक्यूलाइट पुरेल. ज्याची जमीन दोन एकर व पीक एक, त्यानें मात्र या फंदांत न पडतां चांगल्या बांधणीची वही वापरावी, असें आमचें प्रामाणिक मत आहे.

मोठी अडचण विजेची. पोस्टग्रेसची रीत अशी आहे कीं, कोणताही फेरफार तो आधीं एका रोजकीर्दींत टिपतो व मग मूळ दफ्तरांत चढवितो. मध्येंच वीज गेली तर पुन्हा जागा होतांच तो ती कीर्द वाचून हिशेब जुळवितो, आणि अर्धवट राहिलेली नोंद सोडून देतो. ही युक्ति उत्तम आहे. परंतु ज्यावर लिहावयाचें तो कागदच कुजका असेल तर कीर्द काय करणार? रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक बहुधा मेमरी कार्डावर चालवितात. असें कार्ड सततच्या बारीक लिखाणाकरितां केलेलें नसतें, आणि वीज वारंवार तुटली म्हणजे तें स्वतःच बिघडतें. म्हणून डेटाबेस एसएसडीवरच ठेवावा. घरांत जुना लॅपटॉप पडला असेल तर तो आम्ही अधिक पसंत करूं, कारण त्याच्या पोटांत बॅटरी असते. मात्र वर्षानुवर्षें चार्जिंगला लावलेली बॅटरी फुगते, तिजवर नजर ठेवावी. राउटरही इन्व्हर्टरवर घ्यावा. तो बंद पडला तर सर्व्हर चालू असूनही कोणाचाच मोबाइल त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं.

घड्याळाची एक खोड सहसा लक्षांत येत नाहीं. रास्पबेरी पायच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत बॅटरीवर चालणारें घड्याळच नाहीं. २०२३ च्या पांचव्या आवृत्तींत तें आहे, पण त्याची बॅटरी निराळी घेऊन बसवावी लागते. वीज दोन दिवस गेली आणि परत आल्यावर इंटरनेटही बंदच असलें, तर हें यंत्र जुनीच वेळ धरून चालूं लागतें. मग त्या वेळीं झालेल्या फवारणीवर चुकीची तारीख पडते आणि कोठेंही तक्रार उठत नाहीं. बागाइतदारानें वीज आल्यावर प्रथम तारीख पाहावी.

मोटार पाणी देईनाशी झाली म्हणजे जाणता शेतकरी एकदम पंप वर काढीत नाहीं. तो आधीं फेज पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग फूटव्हॉल्व्ह. सर्व्हरचेंही तसेंच आहे. कोणत्याच मोबाइलवर पान उघडत नसेल तर वीज व राउटर पाहावे, आणि राउटरनें सर्व्हरला नवा पत्ता तर दिला नाहीं ना, हें पाहावें. हा पत्ता राउटरमध्यें कायमचा नेमून ठेवतां येतो. पान उघडून त्यावर '५०२ बॅड गेटवे' असें आलें तर दारावरचा पहारेकरी जागा आहे, परंतु आंतील प्रोग्रॅम उत्तर देत नाहीं, असें समजावें. येथें इंटरनेटवाल्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. प्रोग्रॅमच म्हणत असेल कीं डेटाबेसनें जोडणी नाकारली, तर डेटाबेस सुरू झालेला नाहीं किंवा भलत्या ठिकाणीं ऐकत बसला आहे. पोस्टग्रेस मुळांत फक्त आपल्याच यंत्रावरील हांक ५४३२ या क्रमांकाच्या दारावर ऐकतो. वीज परत आल्यावर डेटाबेस उठण्यापूर्वींच प्रोग्रॅम उठतो व हिरमुसून बसतो, हाही प्रकार नेहमींचा आहे. प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला कीं काम भागतें, आणि उठण्याचा क्रम एकदां लावून दिला म्हणजे तो त्रास कायमचा जातो.

डिस्क भरणें हें तर सर्वांत साधें कारण, आणि तेंच सर्वांत शेवटीं सुचतें. जुन्या प्रती व लॉग सांठत जातात, जागा संपते, आणि एके दिवशीं डेटाबेस नवी नोंद घेण्याचें नाकारतो. 'डीएफ' ही दोन अक्षरी आज्ञा दिली तर क्षणांत समजतें. दोष काय आहे हें बहुधा यंत्रानें आपल्या लॉगमध्यें लिहिलेलेंच असतें. तो लॉग उघडावा, आणि बिघाडाची पहिली ओळ वाचावी, शेवटची नव्हे. सर्व पुसून पुन्हा नव्यानें घालूं, हा उतावळ्या मुलांचा आवडता उपाय आहे. त्यानें यंत्र चालूं लागतें. नोंदी मात्र जातात.

नोंदींच्या दुसऱ्या प्रतीविषयीं आम्ही आग्रही आहों. गिटलॅब ही परदेशांतील मोठी कंपनी. तिच्याकडे जाणत्यांची उणीव नव्हती. तेथें ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीं एका कर्मचाऱ्याकडून भलत्याच सर्व्हरवरील डेटाबेस पुसला गेला. मग प्रती काढूं गेले तों असें आढळलें कीं, डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि प्रत घेणारें हत्यार ९.२ चें, त्यामुळें नेमानें निघावयाची प्रत निघतच नव्हती. आणि तसें कळविणारीं पत्रेंही कोणास पोंचत नव्हतीं. दुसऱ्याच कामाकरितां सुमारें सहा तासांपूर्वीं कोणी हातानें एक प्रत घेतली होती, तिच्यावर निभावलें. आमच्या घरीं असा योग येईलच असें नाहीं. म्हणून रोज रात्रीं 'पीजी-डंप' या हत्यारानें प्रत निघावी. चालू डेटाबेसचें फोल्डर नुसतें उचलून ठेवणें ही प्रत नव्हे. एक प्रत पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या गांवीं सोयऱ्याकडे असावी. आणि ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्याशिवाय तिला प्रत म्हणूं नये.

त्याच जानेवारींत मोंगो-डीबी या दुसऱ्या जातीचे हजारो डेटाबेस चोरांनीं पुसून खंडणीच्या चिठ्ठ्या ठेविल्या. ते परवलीच्या शब्दावांचून इंटरनेटवर उघडे होते, एवढेंच त्यांचें पाप. राउटरमध्यें डेटाबेसचें दार बाहेरच्या जगास उघडूं नये. मोबाइलच्या जोडणीवर अनेक गिऱ्हाइकांस मिळून एकच पत्ता असतो, त्यामुळें तें दार बहुधा उघडतच नाहीं. मुलें त्याबद्दल कुरकुरतात, आम्हांस तें सुदैव वाटतें. शेतांतूनच नोंद करण्याची हौस असेल त्यानें वायरगार्डसारखी बंदिस्त वाट करावी. दिवसभराच्या नोंदी सायंकाळीं घरीं येऊन केल्या तरी शेतीचें कांहीं अडत नाहीं.

आणखी एक गोष्ट. सर्व्हर मांडणारा मुलगा पुढें नोकरीस पुण्याला जातो, आणि घरांत दिवा लुकलुकणारी पेटी राहते, जी उघडणें कोणास येत नाहीं. परवलीचे शब्द, प्रत कोठें आहे व ती कशी उघडावी, हें एका कागदावर मराठींत लिहून जमिनीच्या कागदपत्रांच्या ट्रंकेंत ठेवावें. आणि घरांतील दुसऱ्या एखाद्या माणसाकडून, सुनेकडून वा मुलीकडून, तें एकदां करून घ्यावें.

संघानें कचेरींत एक जुना संगणक या कामास राखून ठेवावा. रब्बी उरकल्यावर व खरिपाची घाई लागण्यापूर्वीं सभासदांनीं आपापली प्रत आणावी, ती सर्वांदेखत त्यावर उघडावी, वहींतील कोणत्याही तीन नोंदी ताडून पाहाव्या, आणि मग यंत्र पुसून पुढच्यास द्यावें. खर्च नाममात्र आहे. हा विषय पुढील मासिक सभेपुढें यावा, अशी आमची सूचना आहे.