पाइप परदेशात, सवलत खिशात, आरक्षण कागदावर!

अमेरिकेने जून २०२५ मध्ये पोलादावरचे आयात शुल्क २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा आपल्याकडच्या भांडवली वृत्तपत्रांनी जणू राष्ट्रावर संकट कोसळल्याचा गहजब केला. निर्यातदार वाचला तर देश वाचेल, असा एकूण सूर. मग नेहमीच्या मागण्या पुढे आल्या. सवलती वाढवा, कर्ज स्वस्त करा, कामगार कायदे सैल करा. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि डिसेंबरमध्ये एका डॉलरला ९० रुपयांहून अधिक मोजावे लागले. या तीन घटना एकमेकींमुळे घडल्या असे म्हणण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. संहिता तर २०१९-२० मध्येच संसदेत मंजूर झाल्या होत्या. पण तिन्हींचा भार शेवटी कुणाच्या पाठीवर येतो, हा प्रश्न या गहजबात कुणी विचारला नाही. तेल आणि वायू वाहून नेणाऱ्या पोलादी पाइपच्या धंद्यावरून तो विचारून पाहू.

या पाइपला धंद्यात लाइन पाइप म्हणतात. घरात नळाला लावतो तो हा पाइप नव्हे. वाळवंटातून, समुद्राच्या तळातून शेकडो किलोमीटर तेल आणि वायू प्रचंड दाबाखाली नेणारा हा पाइप आहे. त्याचा दर्जा अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या ‘एपीआय ५ एल’ या मानकाने ठरतो. ४८ इंच व्यासाचा, १९ मिलिमीटर जाडीचा आणि १२ मीटर लांबीचा एक नग पावणेसात टनांच्या आसपास भरतो. जाड पोलादी पत्रा वाकवायचा, सांधा आतून-बाहेरून वेल्ड करायचा, पाण्याच्या दाबाने आणि ध्वनिलहरींनी तपासायचा. मग पोलादी कणांचा मारा करून गंज काढायचा, दोनशे अंशांच्या वर तापवायचा, त्यावर इपॉक्सीची भुकटी आणि पॉलिथिलीनचा थर चढवायचा. असा पाइप कांडला-मुंद्रा बंदरांतून आखातात, अमेरिकेत रवाना होतो.

वेलस्पन, जिंदाल सॉ, मॅन इंडस्ट्रीज, रत्नमणी ही या धंद्यातली मोठी नावे. आपल्या महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यात नागोठण्याजवळ महाराष्ट्र सीमलेसचा कारखाना आहे, नाशिकजवळ सिन्नरला जिंदाल सॉचा. आता गंमत पाहा. उच्च दर्जाच्या पाइपसाठी लागणारा पत्रा अनेकदा परदेशातूनच येतो आणि माल निर्यात करायचा असेल तर तो बिनशुल्क आणता येतो. म्हणजे पत्रा परक्याचा, मानक परक्याचे, गिऱ्हाईक परक्याचे. या पाइपमध्ये भारतीय म्हणावे असे काय उरते? वाकवणारा, वेल्ड करणारा, रंगभट्टीपाशी उभा राहणारा माणूस. निर्यातीत जी किंमत देशात वाढते तिचा मोठा भाग त्याच्या श्रमाची किंमत आहे. आणि नेमकी त्याचीच नोंद कुठे नाही.

सवलतींची नोंद मात्र चोख असते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने कच्छ उद्ध्वस्त झाला. त्या भूकंपानंतर मदतवाटपात दलित आणि मुस्लिम वस्त्यांना डावलल्याच्या तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदवल्या आहेत. त्याच वर्षी केंद्र सरकारने कच्छमध्ये नवा कारखाना काढणाऱ्याला पाच वर्षे उत्पादन शुल्कात सूट जाहीर केली. पाइपचे मोठे कारखाने अंजार परिसरात उभे राहिले त्याला बंदराच्या जवळिकीइतकीच ही सूटही कारण आहे. भूकंपग्रस्त दलिताला तंबूसाठी रांग आणि कारखानदाराला करमाफी! पुढे २००८ मध्ये सरकारने ही सूट आखडती घेतली तेव्हा कंपन्या न्यायालयात गेल्या. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल सरकारच्या बाजूने दिला. सवलत हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे, अशी या वर्गाची ठाम समजूत असते. आरक्षण मात्र त्यांच्या लेखी भीक.

पुढची यादीही लहान नाही. निर्यातीवर कर परतावा देणाऱ्या योजनेत सुरुवातीला पोलाद नव्हते; उद्योगाने लकडा लावला आणि डिसेंबर २०२२ पासून ते आले. विशेष दर्जाच्या पोलादासाठी जुलै २०२१ मध्ये ६,३२२ कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली, आणि पाइपचे पोलाद तिच्यात बसते. हा पैसा कुणाचा? काडेपेटीवर, साबणावर, मोबाइलच्या रिचार्जवर कर भरणाऱ्या सगळ्यांचा.

बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्यांनी इथे त्यांचा ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ उघडायला हवा. हा ग्रंथ १९२३ चा. तो फक्त नाणेशास्त्राचा किचकट ग्रंथ आहे, असे समजून आपल्याकडे तो कपाटात ठेवला जातो. जयंतीला फुले वाहायला बाहेर काढला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चांदी घसरली, तिच्याबरोबर रुपया घसरला आणि मुंबईच्या गिरण्यांची निर्यात फोफावली. घसरलेला रुपया देशाला श्रीमंत करतो, असा डंका तेव्हाही पिटला गेला. बाबासाहेबांनी विचारले, हा नफा आला कुठून? त्यांचे उत्तर असे की तो बाहेरून आलेला नाही. रुपया पडला की भाव चढतात, मजुरी मात्र मागे रेंगाळते. या दोहोंतला फरक मालकाच्या खिशात जातो. देशातल्या एका वर्गाची कमाई म्हणजे देशातल्याच दुसऱ्या वर्गाची लूट. ज्या गिरण्यांविषयी ते लिहीत होते त्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला शिरू दिले जात नव्हते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

आज हेच गणित लावून पाहा. २००८ च्या सुरुवातीला डॉलर ४० रुपयांच्या आसपास होता, २०२५ च्या शेवटी ९० च्या वर. तेच डॉलर आणणाऱ्याला रुपये दुपटीहून अधिक. पत्रा आयात करावा लागतो त्या प्रमाणात त्याचा खर्चही वाढतो, हे खरे. पण कामगाराला तो डॉलरच्या भावाने पगार देत नाही. डिझेल, खाद्यतेल, डाळ मात्र कामगाराला डॉलरच्या सावलीतच विकत घ्यावी लागते. ‘निर्यात वाढली’ या मथळ्याखाली ही बाजू कधी छापून येत नाही.

धोका मात्र सगळ्यांत वाटून दिलेला असतो. कॅनडातून अमेरिकेत तेल नेणाऱ्या कीस्टोन एक्सएल पाइपलाइनचे उदाहरण घ्या. तिच्या मालक कंपनीने २०१२ मध्ये जाहीर केले होते की निम्मा पाइप वेलस्पनच्या अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातील कारखान्यातून आणि दहाएक टक्के थेट भारतातून येईल. तिकडच्या मूलनिवासी जमातींनी आपल्या जमिनीसाठी, पाण्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. तयार पाइप आवारात पडून राहिले. अखेर २० जानेवारी २०२१ रोजी बायडेन यांनी परवाना रद्द केला आणि जूनमध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. तिकडे आदिवासींची जमीन वाचली, याचा आम्हाला आनंदच आहे. आपल्याकडे कलिंगनगरला २ जानेवारी २००६ रोजी पोलाद कारखान्यासाठी जमीन द्यायला नकार देणाऱ्या आदिवासींवर गोळीबार झाला, तिथे परवाना रद्द करणारा कुणी भेटला नाही. पण मागणी अशी एका सहीने उडते तेव्हा कारखान्यात पहिला कोण घरी जातो? कंत्राटी कामगार. मालकाचा विमा असतो, बँक असते, परदेशात दुसरा कारखाना असतो. तेच शुल्काचे. २०१९ पासून भारतातून जाणाऱ्या मोठ्या व्यासाच्या वेल्डेड पाइपवर अमेरिकेने ५०० टक्क्यांहून अधिक प्रतिपूरक शुल्क लावले. ज्या कंपनीचा कारखाना अमेरिकेतच आहे तिला त्याची झळ कमी बसते. अंजारच्या मजुराला आर्कान्सात दुसरी नोकरी नसते. युरोपने आता कार्बनवरचा कर आणला आहे आणि जानेवारी २०२६ पासून तो प्रत्यक्ष लागू झाला. त्याचाही खर्च कुठून वसूल होईल ते सांगायला ज्योतिषी नको.

नव्या श्रमसंहितांनी याची सोयच करून ठेवली आहे. पूर्वी २० कंत्राटी कामगार असले की कायदा लागू होई, आता मर्यादा ५० वर गेली. कामगार कपातीसाठी सरकारी परवानगी पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला लागे, आता ३०० च्या.

पूर्वी निदान सार्वजनिक पोलाद कारखान्यांचा आधार होता. राउरकेल्याच्या सरकारी कारखान्यातही पाइप बनतो. तिथे आरक्षण आहे, कायम नोकरी आहे, क्वार्टर आहे. आपल्या दोन पिढ्या त्या क्वार्टरांत शिकल्या. पण ‘सेल’चे मनुष्यबळ २००० साली दीड लाखांहून अधिक होते, ते आता ६० हजारांच्या खाली आले. खाउजा धोरणाने आरक्षण रद्द केले नाही, आरक्षण जिथे लागू होते ती जागाच आटवली. आणि सवलतींवर उभ्या राहिलेल्या खासगी कारखान्यांसाठी २००६ मध्ये उद्योगपतींच्या संघटनांनी काय दिले? ऐच्छिक आचारसंहिता! ऐच्छिक म्हणजे काय ते आम्हाला मनुस्मृतीच्या काळापासून ठाऊक आहे. मोठ्या सूचीबद्ध कंपन्या सेबीच्या नियमानुसार दरवर्षी कायम कामगार किती, कंत्राटी किती, स्त्रिया किती, अपंग किती हे छापतात. अनुसूचित जाती-जमातींचा रकाना त्यात नाही. मोजायचेच नाही, म्हणजे विचारायलाही कुणी येणार नाही.

निर्यात बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. हजारो घरांची चूल या धंद्यावर पेटते आणि ती पेटती राहिली पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की सरकारी सवलतीला अट असावी. अट घालता येत नाही, हे खोटे आहे. महाराष्ट्र सरकारच्या नोव्हेंबर २००८ च्या निर्णयाने उद्योगांना बजावले आहे की ८० टक्के कामगार आणि पर्यवेक्षकीय श्रेणीत ५० टक्के लोक स्थानिक हवेत. भूमिपुत्राची अट चालते, मग सामाजिक न्यायाची का चालत नाही?

तीही कायद्यात आहेच, हे आपल्याच कार्यकर्त्यांना माहीत नसते. २९ जानेवारी २००४ पासून लागू झालेला महाराष्ट्राचा लोकसेवा आरक्षण अधिनियम पाहा. त्यातल्या ‘शासन अनुदानित संस्था’ या व्याख्येच्या स्पष्टीकरणात सवलतीच्या दराने सरकारी जमीन किंवा अन्य आर्थिक सवलती मिळालेल्या संस्थाच नव्हे, तर उद्योगही आहेत. कायदा येण्यापूर्वी मिळालेली मदतही त्यात मोजली आहे. विधिमंडळाने संमत केलेला हा कायदा आहे, कुणा नेत्याचे भाषण नव्हे. खासगी उद्योगांबाबत तो शब्द कागदावरच राहिला, कारण सत्तेत बसलेल्या कोणत्याही पक्षाला उद्योगपतींना दुखवायचे नव्हते आणि आपण पुतळ्यांच्या, स्मारकांच्या मोर्चांत गुंतलो होतो.

काम कठीण नाही. राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली वीज शुल्क, मुद्रांक शुल्काची माफी आणि औद्योगिक अनुदान दिले जाते. त्याची कागदपत्रे जिल्हा उद्योग केंद्रात आणि उद्योग संचालनालयात असतात. रायगड, नाशिक, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत टाकावा. त्यात तीनच गोष्टी विचाराव्यात. आपल्या जिल्ह्यातल्या पाइप आणि पोलाद कारखान्यांना गेल्या दहा वर्षांत कोणती सवलत, किती रुपयांची मिळाली? ती देताना २००४ च्या अधिनियमाचे पालन करण्याची अट करारात घातली होती काय? घातली नसेल तर कोणत्या अधिकाऱ्याच्या कोणत्या टिपणीवरून ती वगळली? माहिती अधिकाऱ्याला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर आले नाही तर पहिले अपील, त्यानंतर आयोग.