मेंढरं बसवण्याचा करार: आपला आणि नायजरचा

बकरी ईद जवळ आली की आपल्याकडे बोकडाची चर्चा दात, वजन आणि किंमत या तीन गोष्टींभोवती फिरते. त्या जनावराच्या जातीनं शेताला काय दिलं, हा विषय शहरातल्या मुसलमानाला सुचत नाही. खेड्यातल्याला सुचतो, पण तो लेख लिहीत नाही.

चांगल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का धरतात, लेंडीखतात तीन टक्क्यांच्या आसपास. बागायतदार ट्रॉलीच्या ट्रॉली लेंडीखत विकत घेतात ते यामुळेच. पण मला बोलायचं आहे ते ट्रॉलीतल्या खताबद्दल नाही, शेतात मेंढरं बसवण्याबद्दल.

पुणे-साताऱ्याकडच्या कोरड्या तालुक्यांतले धनगर पावसाळा सरला की वाडा घेऊन निघतात. काही घाट उतरून कोकणात जातात. भात कापलेल्या खाचरात वाघर लावून रात्री कळप बसवतात. त्यात कोकणी मुसलमानांचीही खाचरं आली. शेतकरी बदल्यात धान्य देतो किंवा रोख पैसे. ना बैलगाडी, ना मजूर. खत स्वतःच्या पायांनी चालत शेतात येतं.

जवळपास हाच व्यवहार पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये चालतो. (नायजेरिया नव्हे, त्याच्या उत्तरेचा शेजारी.) तिथे धनगराच्या जागी फुलानी आणि कुणब्याच्या जागी हौसा शेतकरी. पिकं बाजरी आणि ज्वारी, म्हणजे आपल्या सोलापूर-नगरच्या माणसाला परकं वाटू नये असं रान. हौसा भाषेत खताला ‘ताकी’ म्हणतात. घरच्या शेळ्या बऱ्याचदा बायकांच्या मालकीच्या. त्यांच्या लेंड्या घरातल्या केरकचऱ्याबरोबर गावालगतच्या शेतात पडतात. लांबच्या शेतापर्यंत डोक्यावरून किती पाट्या नेणार? तिथे पोचतो तो फुलान्यांचा कळप. रासायनिक खत तिथल्या गरीब शेतकऱ्याच्या वाट्याला नाममात्रच येतं, त्यामुळे कळप बसला नाही तर त्या शेताला काहीच मिळत नाही.

हैदराबादजवळच्या पाटणचेरूला मुख्यालय असलेल्या इक्रिसॅट संस्थेचं एक केंद्र नायजरची राजधानी नियामेजवळ आहे. त्या भागातल्या प्रयोगांत दिसलं की नुसतं शेण-लेंडी पसरण्यापेक्षा जनावरं शेतातच बसवली तर बाजरी जास्त येते. कारण मूत. जनावराच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा मोठा वाटा मुतातून जातो आणि खत उचलून नेताना तो गोठ्यातच राहतो. म्हणजे ट्रॉली विकत घेणारा बागायतदार अर्धाच माल घेतोय, असं म्हणायला हरकत नाही.

फरक कुठे आहे? कायद्यात. नायजरने 1993 साली ग्रामीण संहितेची तत्त्वं ठरवली आणि 2010 साली पशुपालनाचा वेगळा कायदा केला. जनावरं घेऊन फिरणं हा पशुपालकाचा मूलभूत हक्क आहे, असं त्यात लिहिलं आहे. कापणीनंतर शेतं कळपांसाठी कधी मोकळी होणार, याची तारीखही तिथे जाहीर होते. जगातल्या अत्यंत गरीब देशांपैकी एक असलेल्या देशाला हे सुचलं. आपल्या धनगराची सगळी भिस्त मात्र अजून शेतकऱ्याच्या शब्दावर आणि ओळखीवर. मधल्या वाटेवर कुठे ऊस उभा, कुठे तारेचं कुंपण, कुठे वनखात्याचा माणूस.

नायजर म्हणजे स्वर्ग, असं मी म्हणत नाही. शेतकरी आता धाटं कापून विकतो, स्वतःच जनावरं पाळतो, मग फुलान्यांची गरज कमी होते आणि जुना करार मोडतो. शेजारच्या नायजेरियात तर या भांडणांत माणसं मरताहेत. आपल्याकडे ती बातमी येते ती ‘मुस्लिम गुराखी विरुद्ध ख्रिस्ती शेतकरी’ अशी. काही प्रांतांत तसं आहेही. पण झाम्फारासारख्या वायव्येकडच्या प्रांतात फुलानीही मुसलमान आणि हौसाही मुसलमान. एकाच दिशेला तोंड करून नमाज पढणारी माणसं धाट, पाणी आणि वाट यांवरून एकमेकांवर उठली. म्हणून तिथल्या प्रत्येक भांडणाला धर्माचं लेबल लावणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, मग ते लेबल आपल्या बाजूचं असो की समोरच्या.

युरियाची 45 किलोची गोणी शेतकऱ्याला सुमारे 266 रुपयांत मिळते, कारण उरलेली किंमत सरकार भरतं. मेंढरं बसवण्याच्या रात्रीसाठी सरकार काय भरतं? अनुदान जमिनीला नत्र मिळावं म्हणूनच असेल, तर ते कारखान्यातून आलं की वाघरीतून, याचा भेद कशाला? हिशेब ठेवता येणार नाही, असं कुणी म्हणेल. पण किती मेंढरं, किती रात्री, कोणत्या गट नंबरात, एवढंच तर लिहायचं आहे. गावात येणारा वाडा लपून येत नाही. कुत्र्यांच्या भुंकण्यावरून तो वेशीबाहेरच कळतो.