‘दर्शनाची हमी’ नको

बुगुन लिओसिक्ला बघायला पुण्या-मुंबईची माणसं हल्ली अरुणाचलला जातात. मीही गेले. जाण्याला माझी हरकत नाही, तिथल्या आपल्या वागण्याला आहे.

हा अतिसंकटग्रस्त पक्षी जगात फक्त पश्चिम कामेंग जिल्ह्यात, ईगलनेस्ट अभयारण्याच्या आसपास सापडला आहे. साधारण बुलबुलाएवढा, डोक्यावर काळी टोपी, डोळ्यापुढे पिवळा ठिपका, पंखांत लाल-पिवळं. तो उजेडात आणला पुण्यात काम करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ रमणा अत्रेयांनी. 1995 मध्ये त्यांना तो प्रथम दिसला. 2006 मध्ये दोन पक्षी जाळ्यात आले, तेव्हा मोजमापं, फोटो आणि गळालेली पिसं तेवढी घेऊन त्यांनी ते सोडून दिले. नवी जात जाहीर करताना एक पक्षी मारून संग्रहालयात ठेवायचा, हा जुना रिवाज. पण तेव्हा माहीत होते जेमतेम 14! मला तर त्या शोधापेक्षा हा निर्णय मोठा वाटतो.

जंगल बुगुन लोकांचं. त्यांच्या सिंगचुंग गावाने 17 चौरस किलोमीटर जंगल राखलं, 2017 मध्ये ते सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालं. गावातलीच पोरं गस्त घालतात.

आणि आपण? लामा कॅम्पच्या वाटेवर आमच्यातल्या एका गृहस्थांनी जॅकेटमधून स्पीकर काढला. बुगुन गाइडने हात आडवा धरला, “नहीं सर, कॉल नहीं बजाना.” गृहस्थ घुश्शात. एवढा खर्च करून आलोय, एकदा वाजवलं तर काय बिघडतं?

बिघडतं. ध्वनिमुद्रित गाणं ऐकून नराला वाटतं, हद्दीत दुसरा नर घुसला. चरणं, घरटं सोडून तो हुसकावायला धावतो आणि तेवढ्यात आपले कॅमेरे खटाखट चालतात. आमच्या मागे दुसरा गट होताच. इतक्या थोड्या जोड्या, त्यांना रोज किती खोटे शत्रू पुरवायचे?

दोष एकट्या त्या गृहस्थांचा नाही. सहलीच्या जाहिरातीतच ‘दर्शनाची हमी’ छापलेली होती. रानपाखराची हमी कोण देणार? देतो तो बहुधा स्पीकरच्या भरवशावर. तेव्हा पैसे भरण्याआधी आयोजकाला सरळ विचारा, कॉल वाजवता का? ‘हो’ म्हणाला, किंवा नुसता हसला, तरी दुसरा आयोजक शोधा.