पंचावन्न रुपयांचं कौशल्य

जुगारी माणसाचा मला राग येत नाही. दिवाळीच्या अमावास्येला तीनपत्तीत शे-दोनशे घालवून 'नशीबच फुटकं' म्हणत घरी जाणारा गृहस्थ प्रामाणिक असतो. मला राग येतो तो 'हा जुगार नाही, हे कौशल्य आहे' असं बजावणाऱ्याचा. जुगारी नुसते पैसे घालवतो. हा पैसे घालवतो आणि वर व्याख्यान देतो.

असे एक पोकरपंडित आमच्या बँकेत आहेत, शेजारच्याच काउंटरवर. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करेपर्यंत हे गृहस्थ रोज रात्री जेवण झालं की मोबाइल घेऊन गच्चीवर जात. प्रवेश फी 55 रुपये. त्यातले 50 बक्षिसाच्या थैलीत, 5 कंपनीला. शंभर खेळाडू आणि पहिल्या पंधरांना बक्षीस. "मर्दा, रिझल्ट सुधारायलाय," असं ते मला दोन वर्षं सांगत होते. इतकी वर्षं सुधारत राहिलेला विद्यार्थी मी फक्त आमच्या गल्लीतल्या तबल्याच्या क्लासात पाहिला आहे.

त्यांचे धडे खोटे होते असं मी म्हणणार नाही. मी बी.कॉम. आहे, आकड्यांशी माझं वैर नाही. धडा पहिला: पॅक करायला शिका. हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच. 52 पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या 1326 जोड्या होतात, आणि एक्क्यांची जोडी 221 हातांत सरासरी एकदा येते. तेव्हा दहातले आठ हात निमूटपणे टाकून द्यावेत. आता हे मध्यमवर्गीय माणसाला कोण शिकवणार? आम्ही जन्मभर पॅकच करत आलो. फ्लॅट पॅक, चारचाकी पॅक, काश्मीरची ट्रिप पॅक.

दुसरा धडा, लहान स्पर्धेत थापा मारू नका. 55 रुपये देऊन बसलेला माणूस पत्ते टाकायला आलेलाच नसतो. तुमच्या हातात काय आहे ते बघितल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. पुढे, दर काही मिनिटांनी सक्तीची बोली वाढते. तिच्या दहापटीपेक्षा आपली चकती कमी उरली की एक तर सगळं लावा नाहीतर पॅक करा, मध्ये रेंगाळू नका. सोळा-सतरा जण उरले की रिकाम्या हातानं जायला लागेल म्हणून सगळे श्वास रोखून बसतात, तेव्हा आपण बोली वाढवावी. आणि शंभर फी पुरतील एवढे, म्हणजे 5,500 रुपये बाजूला काढल्याशिवाय सुरुवातच करू नये.

सगळं मान्य. आता कॅशबुक उघडू.

सगळे सारखेच खेळणारे असतील तर प्रत्येकाचे 55 जातात आणि सरासरी 50 परत येतात. म्हणजे इतरांच्या बरोबरीचं कौशल्य असलेला माणूस बुडतो. शंभरातल्या 85 जणांना एक पैसा मिळत नाही, त्यामुळे साधारण खेळाडूनं ओळीनं दहा स्पर्धा कोरड्या काढण्याची शक्यता पाचात एक. बरं, आमचे पंडित हुशार आहेत असं धरू. फीवर सरासरी 20 टक्के सुटतात. किती झाले? एका स्पर्धेला 11 रुपये! तास-दीड तास गच्चीवर डास मारून मिरजकर तिकटीला एक चहा. तोही कर जायच्या आधी. एप्रिल 2023 पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कापले जाऊ लागले आणि त्याच वर्षीच्या 1 ऑक्टोबरपासून खात्यात भरलेल्या रकमेवर 28 टक्के जीएसटी लागला.

आणि हे 20 टक्के कौशल्याचे की नशिबाचे, हे खात्रीनं सांगायला निदान हजारभर स्पर्धा खेळाव्या लागतात. रोज एक म्हटली तर पावणेतीन वर्षं.

आम्ही कोल्हापूरकर आहोत हो! कौशल्य म्हणजे काय ते आम्हाला 1912 पासून खासबागेत दिसतं. पैलवानानं समोरच्याला अस्मान दाखवलं की त्याच क्षणी निकाल. 'हजार कुस्त्या होऊ द्या, मग माझं कौशल्य दिसेल' असं म्हणणाऱ्याला कोणी फेटा बांधलेला नाही. खाशाबा जाधवांना 1952 साली हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर सात हजारांना गहाण ठेवलं, आणि खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. कर्जखात्यातला माणूस म्हणून सांगतो, याला म्हणतात कौशल्यावर कर्ज.

शिवाय कुस्तीत जोड तोलामोलाची लावतात. पोकरमध्ये रिझल्ट सुधारण्याचा सगळ्यात खात्रीचा धडा पंडित हळू आवाजात सांगत: कच्चे खेळाडू असलेलं टेबल शोधा. म्हणजे ते 11 रुपये देणारा कोणीतरी कच्चा असायलाच हवा!

तो कच्चा माणूस मी पाहिलेला नाही. त्याचं पासबुक पाहिलं आहे. एक बाई ते छापून घ्यायला काउंटरवर आल्या होत्या. मशीन थांबेचना. दोनशे, दोनशे, पाचशे, दोनशे... पानं संपली, नवीन पुस्तक द्यावं लागलं. "साहेब, हे दोनशे-दोनशे कशाचं हो?" त्यांनी विचारलं. नवऱ्यानं त्यांना मोबाइलचं बिल म्हणून सांगितलं होतं. मी "घरी विचारा" म्हणालो. बँकेच्या नियमात तेवढंच बसतं. शेजारच्या काउंटरवर आमचे पंडित नोटा मोजत होते. त्यांनी मान वर केली नाही.

कायद्यानं मात्र कौशल्य की नशीब हा वादच काढून टाकला. पैसे लावून ऑनलाइन खेळायचं नाही, संपलं. पंडितांना हा कौशल्याचा अपमान वाटतो. त्याच जुलैमध्ये विधान परिषदेत तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसली म्हणून गदारोळ झाला होता. ती आपोआप आलेली जाहिरात होती, मी बंद करत होतो, असं ते म्हणाले. पुढे त्यांचं कृषिखातं जाऊन क्रीडाखातं आलं. "बघ," पंडित म्हणाले, "सरकारनंच मान्य केलं, पत्ते हा क्रीडाप्रकार आहे!"

हल्ली पंडित गच्चीवर जात नाहीत. शेअर बाजारातल्या ऑप्शन्सचा अभ्यास चालू आहे म्हणे. मी त्यांना सेबीचा सप्टेंबर 2024 चा अहवाल दाखवला: तीन वर्षांत त्या बाजारात उतरलेल्या शंभर सामान्य लोकांपैकी 93 जणांना तोटा झाला. त्यांनी तो चष्मा लावून शांतपणे वाचला आणि म्हणाले, "म्हणजे सात जणांनी नीट अभ्यास केला, असंच ना?"