बिघाड पुर्ज्याचा की व्यवस्थेचा?

कारखान्यात अपघात झाला की पहिला प्रश्न विचारला जातो, चूक कुणाची? उत्तरही ठरलेले असते. पाळीवरचा कामगार, वॉल्व्हजवळचा हेल्पर, फार तर फोरमन. त्या वेळी बाकीची यंत्रणा कोणत्या अवस्थेत होती, हा प्रश्न नंतर येतो किंवा येतच नाही. तो प्रश्न गणितात नेमका मांडणारा माणूस म्हणजे झेड. डब्ल्यू. बिर्नबाउम. यंत्रांची विश्वासार्हता आणि देखभाल यांच्या शास्त्रात हे नाव आजही घेतले जाते. त्या शास्त्राबाहेर ते फारसे कुणाला ठाऊक नाही. आमच्या वाचकांना ते ठाऊक असायला हवे.

बिर्नबाउम १९०३ साली ल्वूफ येथे एका ज्यू कुटुंबात जन्मले. ते शहर आज युक्रेनमध्ये आहे. आधी कायद्याची पदवी, मग १९२९ मध्ये गणितात डॉक्टरेट. १९३० च्या दशकात पोलंडच्या विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांना वर्गात वेगळ्या बाकांवर बसवले जाऊ लागले. (अशा बाकांबद्दल आमच्या वाचकांना निराळे सांगायला नको.) १९३७ मध्ये बिर्नबाउम अमेरिकेत गेले आणि १९३९ पासून सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवू लागले. पुढे बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेशी संबंध आला आणि संभाव्यतेचा हा अभ्यासक यंत्रांच्या आयुष्याकडे वळला.

१९६९ मध्ये पी. आर. कृष्णय्या यांनी संपादित केलेल्या ग्रंथात त्यांचा एक लेख आला. विषय, अनेक भागांच्या यंत्रणेत कोणता भाग किती महत्त्वाचा? बिर्नबाउम यांनी भागाची किंमत विचारली नाही, आकार विचारला नाही. त्यांनी एवढेच विचारले की, हा एक भाग चालला तर सारे चालेल आणि हा बंद पडला तर सारे बंद पडेल, अशी वेळ येण्याची शक्यता किती? फौजदारी खटल्यात आम्ही वकीलही असेच विचारतो, 'हे कृत्य घडले नसते, तर मृत्यू टळला असता काय?' त्यांना हे कायद्यातून सुचले असा दावा आम्ही करणार नाही. पण साम्य डोळ्यांत भरते.

उदाहरण घ्या. पाणी उपसायला दोन पंप आहेत, एक चालला तरी भागते. पहिला शंभरपैकी नव्वद वेळा चालतो, दुसरा साठ वेळा. दुसऱ्या पंपाचे महत्त्व फक्त ०.१, कारण तो निर्णायक ठरतो तो पहिला बंद असेल तेव्हाच. आता खर्च वाचवण्यासाठी पहिला पंप बंद ठेवा. दुसऱ्याचे महत्त्व एकदम १ होते. त्या पंपात काहीही बदललेले नाही. बदल कचेरीत बसलेल्या साहेबाच्या सहीने झाला.

या मापात त्रुटी आहेत. तो भाग मुळात किती वेळा बिघडतो हे त्यात येत नाही, म्हणून पुढच्या संशोधकांनी आणखी मापे काढली. तरी संशोधकाचा प्रभाव म्हणजे त्याचा उल्लेख किती निबंधांत आला याची बेरीज, असे मानणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अमेरिकेतील अणुवीज केंद्रांच्या सुरक्षा यंत्रणांवर तिथला नियामक आयोग जो निर्देशांक २००६ पासून वापरू लागला, त्यात बिर्नबाउम यांचे माप बसवलेले आहे. कुठल्या पंपाच्या बिघाडाला किती वजन द्यायचे, हे त्यावरून ठरते.

आणि आमच्याकडे? २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र आठवा. भोपाळच्या युनियन कार्बाईड कारखान्यात विषारी द्रव थंड ठेवणारी शीतयंत्रणा आधीच बंद केलेली होती. वायू जाळून टाकणारा मनोरा, गंजलेला पाइप बदलायचा म्हणून जोडणीतून काढलेला. वायू धुणारे स्क्रबर चालू स्थितीत नव्हते. पुढे कंपनीने एका असंतुष्ट कामगाराने मुद्दाम पाणी सोडल्याची कहाणी मांडली. क्षणभर ती खरी धरू. तरी एका माणसाच्या हातात एवढ्या जिवांचे मरण दिले कुणी? एकामागून एक आधार काढून ज्यांनी उरलेल्या एका वॉल्व्हचे महत्त्व १ वर आणून ठेवले, त्यांनीच ना?

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सदोष मनुष्यवधाचे कलम काढून ३०४-अ, म्हणजे हयगयीने मृत्यू, एवढेच ठेवले. २०१० मध्ये शिक्षा झाली ती दोन वर्षांची. आमची तक्रार 'जाणीव' या शब्दाशी आहे. बिर्नबाउम यांचा लेख भोपाळच्या पंधरा वर्षे आधी छापला गेला होता. संरक्षक साधने बंद ठेवली की काय होते, हे मोजता येत होते. मग 'परिणामांची जाणीव नव्हती' हा बचाव अभियंते आणि संचालक यांनी कोणत्या तोंडाने करायचा?

आमची मागणी साधी आहे. कोणते संरक्षक साधन किती दिवस बंद होते, ते बंद असताना सारा भार कशावर येत होता आणि बंद ठेवण्याच्या आदेशावर सही कुणाची होती, याची नोंद प्रत्येक धोकादायक कारखान्याच्या तपासणी अहवालात सक्तीची करा. ती नोंद कामगारांनाही वाचायला मिळाली पाहिजे.