पुलाचा सांधा कुणाच्या हद्दीत?

अंधेरीचा गोपाळ कृष्ण गोखले पूल २६ फेब्रुवारी २०२४ रोजी अर्धा खुला झाला. अंधेरी पूर्व आणि पश्चिम जोडणारा हा पूल नोव्हेंबर २०२२ पासून बंद होता. एवढे महिने लोकांनी कळ काढली, वळसे घातले, सबवेतल्या कोंडीत तास काढले. पूल उघडला तेव्हा दिसले असे, की जुहूच्या बाजूने येणारा बर्फीवाला उड्डाणपूल जुन्या गोखले पुलाला जिथे सरळ मिळत होता, तिथे आता नुसती पायरी उरली आहे. नवा गोखले पूल वर, बर्फीवाला खाली, आणि मधला फरक उभ्या माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा. दोन्ही पूल जागेवर होते, दोन्ही पक्के होते, पण एकावरून दुसऱ्यावर गाडी जाऊ शकत नव्हती.

हे घडले कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. रुळांवरच्या भागाची उंची रेल्वेच्या निकषांनी ठरते आणि ते निकष आता पूर्वीपेक्षा कडक आहेत. पोचमार्ग महापालिकेचे. रुळांवरचा पूल उंच करायचा असे नकाशावर ठरले, त्याच दिवशी बर्फीवाला पूल किती खाली राहणार हेही ठरून गेले होते. ते काढायला साधी वजाबाकी पुरली असती. ती कुणालाच येत नव्हती असे मी मानत नाही. ती करणे कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हते. रेल्वेची मंजुरी रुळांपुरती, गोखले पुलाची निविदा गोखले पुलापुरती, आणि बर्फीवाला पूल तर केव्हाच बांधून झालेला, त्यामुळे त्याची फाइल कुणाच्या टेबलावर असण्याचे कारण नव्हते.

पुढे जे झाले ते अभियांत्रिकी म्हणून वाखाणण्यासारखेच होते. व्हीजेटीआय आणि आयआयटीच्या तज्ज्ञांचा सल्ला घेण्यात आला. उभ्या बर्फीवाला पुलाखाली जॅक लावून त्याचे गर्डर एका बाजूला १,३९७ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला ६५० मिलिमीटर उचलले गेले. खाली नवे आधार दिले, काँक्रीट ओतले, ते मुरेपर्यंत थांबले, भारचाचणी केली आणि जुलै २०२४ मध्ये दोन पुलांची भेट झाली. बांधून उभा असलेला पूल मिलिमीटरच्या हिशेबाने उचलणारे हात आपल्याकडे आहेत. म्हणूनच राग येतो. हे कौशल्य मुळात टाळता येण्याजोगी चूक निस्तरण्यात खर्ची पडले, आणि गोखले पूल संपूर्ण खुला व्हायला मे २०२५ उजाडला.

याच पुलाची आणखी मागची गोष्ट विसरता कामा नये. ३ जुलै २०१८ रोजी सकाळी याच गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला आणि माणसे मेली. तेव्हाही पहिले काही दिवस वाद झाला तो पुलाची देखभाल रेल्वेची की महापालिकेची, यावरच. माणसांचा जीव गेल्यावरही पहिला प्रश्न हद्दीचाच निघतो, तिथे रस्ते-पुलांच्या कारभाराला कीड कुठे लागली आहे ते वेगळे सांगायला नको.

पुण्यात हेच वेगळ्या तऱ्हेने घडले. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल दीड दशकही वापरला गेला नाही. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोचे खांब त्याच्या जागेत बसेनात, म्हणून जुलै २०२०मध्ये, टाळेबंदीत रस्ते मोकळे असताना, तो पाडला. या मेट्रोचे भूमिपूजन २०१८च्या डिसेंबरातच झाले होते. पूल पाडण्याला माझा आक्षेप नाही. तो मुळातच अपुरा होता आणि गर्दी या चौकातून पुढच्या चौकात ढकलत होता. आक्षेप पाडल्यानंतरच्या वर्षांना आहे. त्या जागी मेट्रोसह दुमजली उड्डाणपूल होणार होता. त्याची औंधकडून शिवाजीनगरकडे जाणारी बाजू खुली झाली ऑगस्ट २०२५मध्ये. म्हणजे पाच वर्षे गणेशखिंड रस्ता पत्र्यांच्या भिंतींमधून वाहत राहिला. औंध, बाणेर, पाषाण या तिन्ही बाजूंची वाहने एका अरुंद गळ्यातून जात राहिली. त्या रस्त्यावर पावसाळ्याच्या संध्याकाळी ज्याने रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पुढच्या गाड्यांना बाजूला व्हायची इच्छा असते, पण सरकायला जागाच नसते. एका बाजूला मेट्रोचा पत्रा, दुसऱ्या बाजूला ड्रेनेजसाठी खणलेला चर.

चर हा खास आपला विषय आहे. मुंबईत सध्या रस्ते काँक्रीटचे करण्याचा मोठा कार्यक्रम चालू आहे, इतर महापालिकाही त्याच वाटेने निघाल्या आहेत. काँक्रीटचा रस्ता डांबरी रस्त्यापेक्षा टिकाऊ असतो हे खरे, पण एका अटीवर: तो पुन्हा फोडायचा नाही. डांबरी रस्त्यावर ठिगळ लावता येते. काँक्रीटच्या पट्ट्या लोखंडी गजांनी, म्हणजे डॉवेल बारनी, एकमेकींशी जोडलेल्या असतात, एका पट्टीवर आलेला भार शेजारच्या पट्टीनेही पेलावा म्हणून. कटर लावून सांध्यातून चौकोन कापला की हे गज तुटतात. मग त्या चौकोनाच्या कडांतून पाणी खाली मुरते, खालचा थर भिजून खचतो आणि वीस-तीस वर्षांसाठी केलेला रस्ता एका पावसाळ्यात हलायला लागतो. ज्या गल्लीत महिनाभरापूर्वी ओली गोणपाटे पसरून काँक्रीटवर पाणी मारताना लोकांनी पाहिले, त्याच गल्लीत पाण्याच्या नव्या जोडणीसाठी कटरचा कर्कश आवाज सुरू होतो आणि खड्डा पेव्हर ब्लॉकनी बुजवला जातो. दर काही पावलांवर असा एखादा चौकोन भेटतो.

रस्ता विभागाच्या अभियंत्याला विचारा. तो सांगेल, काम सुरू करण्याआधी सगळ्यांना पत्रे गेली होती. जलविभाग म्हणेल, आमचा निधी नंतर आला. वीजवाहिनीवाले, गॅसवाले, फायबरवाले, प्रत्येकाचे वर्ष वेगळे, मंजुरी वेगळी, ठेकेदार वेगळा. यातला कुणी खोटे बोलत नाही. पत्र खरेच गेलेले असते. पत्राचे उत्तर आल्याशिवाय कार्यादेश द्यायचा नाही, असा दंडक मात्र कुठे पाळला जात नाही. ३१ मेची तारीख समोर दिसत असते, पावसाआधी आकडा दाखवायचा असतो, आणि रस्ता ओतला जातो.

मुंबईतल्या पूर्व-पश्चिम पुलांचे वेळापत्रक पाहिले तर हा प्रकार आणखी गंभीर दिसतो. जुने पूल पाडून नवे बांधलेच पाहिजेत, एल्फिन्स्टन स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीनंतर आणि अंधेरीच्या दुर्घटनेनंतर त्याबद्दल दुमत असू नये. शीवचा पूल रेल्वेच्या वाढीव मार्गिकांसाठी ऑगस्ट २०२४मध्ये बंद झाला. प्रभादेवीचा शंभर वर्षांहून जुना पूल शिवडी–वरळी जोडरस्त्यासाठी सप्टेंबर २०२५मध्ये बंद झाला, तेव्हा शीवचा नवा पूल झालेला नव्हता. त्यामुळे त्या पट्ट्यातला भार दादरचा टिळक पूल आणि करी रोडचा पूल यांच्यावर आला, आणि टिळक पूलही जुनाच आहे. परळला केईएम आहे, टाटा रुग्णालय आहे. पश्चिमेकडून तिथे जाणाऱ्या रोग्याला शीवचे काम कोणत्या यंत्रणेचे आणि प्रभादेवीचे कोणत्या, याच्याशी काय देणेघेणे? दोन्ही कामे आपापल्या जागी आवश्यक आणि समर्थनीय आहेत. ती एकाच वेळी, एकाच दिशेच्या रहदारीवर पडणार आहेत याचा हिशेब मांडून, एकाला थांब म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस मात्र कुठेच नाही.

हा अधिकार कागदावर फार पूर्वी सुचवला गेला आहे. केंद्राच्या २००६च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात दहा लाखांवर वस्तीच्या शहरांसाठी एकात्मिक महानगर परिवहन प्राधिकरण असावे असे म्हटले होते. २०१७च्या मेट्रो रेल धोरणाने मेट्रोसाठी केंद्राचा पैसा हवा असेल तर असे प्राधिकरण हवेच, अशी अट घातली. पैसा आला, मेट्रो आल्या. पण बैठका घेऊन इतिवृत्त लिहिणारे प्राधिकरण आणि काम रोखू शकणारे प्राधिकरण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आपल्या शहरांना दुसऱ्याची गरज आहे.

हे आपल्याकडे होऊच शकत नाही, असे कुणी म्हणू नये. नागपुरात वर्धा रोडवर खाली मूळ रस्ता, मध्ये महामार्गाचा उड्डाणपूल आणि वर मेट्रो, असे ३.१४ किलोमीटर अंतर एकाच खांबांच्या रांगेवर उभे आहे. महामेट्रो आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण या दोन वेगळ्या यंत्रणांनी एकत्र बसून ते केले. दोन वेगवेगळ्या रांगांसाठी रस्ता दोनदा उकरावा लागला असता आणि जागाही दुप्पट गेली असती, तो सगळा खर्च आणि त्रास वाचला. पुण्यातच नळ स्टॉपला मेट्रोखालचा उड्डाणपूल तसाच एकत्र बांधला गेला. उतरणीपाशी तिथे कोंडी होते हे खरे, ती आखणीची कमतरता आहे. पण निदान तो पूल मेट्रोसाठी पाडावा लागला नाही.

करायचे काय, हे म्हणूनच गूढ नाही. ज्या कामाची दोन्ही टोके दुसऱ्या कुणाच्या रस्त्याला, पुलाला किंवा स्थानकाला मिळतात, त्या कामाच्या निविदेआधी दोन्ही टोकांच्या पातळ्या दाखवणारा संयुक्त नकाशा हवा, त्यावर दोन्ही यंत्रणांच्या मुख्य अभियंत्यांच्या सह्या हव्यात, आणि तो नकाशा कामाच्या जागी फलकावर लोकांना दिसायला हवा. आज फलकावर ठेकेदाराचे नाव असते, रक्कम असते, मुदत असते, पण काम कुठे आणि कसे जुळणार आहे ते नसते. लंडनमध्ये काही मुख्य रस्त्यांवर खोदाई करणाऱ्या कंपनीला २०१२पासून रस्ता अडवल्याचे दिवसागणिक भाडे भरावे लागते, दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत. पैसे जायला लागले की दोन कंपन्या एकाच चरात आपापल्या नळ्या टाकायला राजी होतात. आपल्याकडे रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क घेतात, लोकांच्या वाया गेलेल्या वेळाचे घेत नाहीत. ते घ्यायला हवे. आणि पूल बंद करण्याची परवानगी एका टेबलावरूनच मिळावी, तिथे शहराच्या सगळ्या बंद रस्त्यांचा नकाशा समोर असावा, एवढी मागणी तर आजच मान्य करता येईल. टिळक पुलाला हात लावण्याची वेळ येईल, तेव्हा ती मान्य झालेली असली पाहिजे.