मागल्या पाट्यांचे रबर

मोटार हाकणारा पुढे बसतो. गाडीच्या मागल्या अंगाचे दुखणे मात्र मागे बसणाऱ्यास आधी कळते. आमच्या सासऱ्यांकडे इंदुरास एक जुनी अ‍ॅम्बॅसेडर आहे. गेल्या वर्षी ओंकारेश्वराहून परतताना भेरूघाटाच्या चढणीवर सासूबाई दोनदा म्हणाल्या, "अहो, गाडी मागून पाय ओढते आहे." नानांना काही जाणवले नव्हते. पण गियर बदलून क्लच सोडला की मागे ‘टक्’ असा आवाज येई, आणि वळणावर गाडीचा मागला भाग क्षणभर आपल्या मनाने बाजूस सरकून मग जाग्यावर येई. घरी येताच डिकी रिकामी केली. वाचकहो, शोधाचा आरंभ नेहमी तेथूनच करावा. सुटा पडलेला जॅक किंवा प्रसादाच्या नारळांची पिशवीही असा आवाज करू शकते. डिकी रिकामी झाली, तरी ‘टक्’ काही गेला नाही.

एका गॅरेजात शॅकलवर भरपूर ग्रीस चोपडून देण्यात आले. आठ दिवस आवाज बंद राहिला आणि नवव्या दिवशी पूर्वीपेक्षा मोठा झाला. दुसऱ्या ठिकाणी दोन्ही पाट्यांचे संचच नवे घालावे लागतील असे सांगण्यात आले. एक सल्ला स्वस्त, दुसरा महाग. चूक दोन्हींत होती. ती कळण्यासाठी गाडीखाली काय आहे हे थोडे पाहिले पाहिजे.

अ‍ॅम्बॅसेडर ही मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री या इंग्रजी गाडीवरून घेतलेली. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून तिची निर्मिती २०१४ साली थांबली. तिच्या मागल्या आसाला दोन्ही अंगांस कमानीसारख्या वाकविलेल्या पोलादी पाट्यांचा आधार असतो. पाटा केवळ भार पेलतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. मागली चाके गाडीला पुढे ढकलतात तो रेटा आणि ब्रेक लावल्यावर मागे खेचतात ती ओढ, दोन्ही मुख्यतः पाट्याच्या पुढल्या टोकातूनच गाडीच्या सांगाड्यास पोहोचतात. आस सरळ धरून ठेवण्याचे कामही पाट्याचेच. हे पुढले टोक गोल गुंडाळलेले असून त्यातून बोल्ट आरपार जातो. मागले टोक शॅकल नावाच्या दोन लहान पट्ट्यांत अडकविलेले असते. कारण खड्ड्यात पाटा सपाट झाला म्हणजे त्याची टोके एकमेकांपासून दूर जातात, आणि त्या सरकण्यास वाव हवा. या सर्व सांध्यांत पोलाद पोलादावर आपटू नये म्हणून रबराचे बुश बसविलेले असतात.

हे बुश दाराच्या बिजागरीसारखे फिरत नाहीत. रबर बाहेरून गुंडाळीला आणि आतून बोल्टाला, अगर त्यावरील नळीला, घट्ट धरून असते. पाटा हलला की रबराला पीळ बसतो. पाटा पूर्वस्थितीवर आला की पीळ उतरतो. सांधा घसरत नाही म्हणून वंगणाची गरज नाही. उलट खनिज तेल आणि ग्रीस हे नैसर्गिक रबराचे वैरी होत. ते शोषून रबर फुगते व भुसभुशीत होते. गॅरेजातील ग्रीसने आवाज आठ दिवस झाकला आणि रबराचे उरलेसुरले आयुष्यही संपविले.

पुढल्या गुंडाळीतील रबर एका बाजूचे झिजले, तर त्या बाजूचे चाक गाडीखाली पुढेमागे होऊ लागते, म्हणजेच आस किंचित तिरका होतो. मग सुकाणू धरणारा पुढल्या चाकांना एक दिशा देतो आणि मागली चाके दुसरीच सुचवितात. कोरड्या सरळ रस्त्यावर हे खपून जाते. ओल्या घाटात, गाडी माणसांनी भरलेली असताना, ब्रेक दाबण्याची वेळ आली तर खपेलच असे नाही.

परीक्षा सोपी आहे. सपाट जागी गाडी उभी करून एकाने ती बाजूने हलवावी आणि दुसऱ्याने बाहेरूनच, विजेरी घेऊन, शॅकलकडे पाहावे. बोल्ट गुंडाळीच्या मध्यभागी न दिसता एका कडेला टेकला असेल, रबर अळंबीसारखे बाहेर फुगले असेल, किंवा पट्टी पाट्यावर घासून धातू चकाकत असेल, तर निदान झाले. नानांच्या गाडीत ही तिन्ही लक्षणे होती. पाटे मात्र शाबूत होते. एकही पान तुटलेले नव्हते. तरीही शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे सांधे आणि आसाला पाट्याशी जखडणारे यू-बोल्ट पाहून घ्यावेत. ते सैल असले तरी आवाज असाच येतो.

सामान अजून मिळते. दिल्लीचे काश्मीरी गेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचे पुदुपेट्टै हे मोटारींच्या सुट्या भागांचे बाजार सर्वांस ठाऊक आहेत. जुना बुश सोबत न्यावा, आणि दुकानात नव्या रबरावर नख दाबून पाहावे. वर्षानुवर्षे फळीवर पडून राहिलेल्या रबरास तडे गेलेले असतात. हल्ली पॉलियुरेथेनचे कडक बुशही मिळतात. ते टिकाऊ खरे, पण रस्त्याची प्रत्येक खडखड आत आणतात. कुटुंबाच्या गाडीस मी रबरच पसंत करीन. चारही टोकांचे बुश एकदमच बदलावेत.

आता प्रत्यक्ष काम. ज्यास यात सराव नाही त्याने ते मिस्त्रीकडून करवून घ्यावे, पण समोर उभे राहून. हँडब्रेक मागल्या चाकांना असतो. ती उचलली की गाडी रोखण्यास त्याचा काडीचाही उपयोग उरत नाही. यास्तव पुढल्या चाकांना दोन्ही अंगांनी दगड अगर लाकडी ठोकळे लावावेत. सांगाडा उचलून पाट्याच्या पुढल्या टोकाजवळील मजबूत भागाखाली पोलादी घोड्या द्याव्यात. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थरावर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, जाऊ नये. हे मी नानांशी भांडून मान्य करवून घेतले. त्यांचा विटांवर तीस वर्षांचा विश्वास होता.

जॅक मग आसाखाली घेऊन तो इतकाच उचलावा, की पाट्यावरचा ताण सुटून बोल्ट मोकळा होईल. एका वेळी एकच बाजू सोडवावी, म्हणजे दुसरी आसाला जाग्यावर धरून ठेवते. शॅकलचे रबर सहज निघते. पुढला बोल्ट हा खरा हट्टी. आमचा गंजून नळीशी एकजीव झाला होता. आदल्या रात्री गंज सोडविणारे तेल सोडूनही तो हलेना, शेवटी करवतीने कापावा लागला. त्यात अर्धा दिवस गेला. काही मिस्त्री अशा वेळी रबर जाळून काढतात. धूर विषारी असतो आणि पेट्रोलची टाकी मागेच असते, तेव्हा हा प्रकार स्पष्टपणे नाकारावा. गुंडाळी आतून घासून स्वच्छ करावी आणि नवा बुश साबणाचे पाणी लावून शेगड्यात दाबत सरळ बसवावा.

यानंतर बहुतेक जण चुकतात. गाडी अजून घोड्यांवर, चाके लोंबकळत आहेत, आणि हाताशी पाना आहे. साहजिकच नट आवळून टाकले जातात. पण रबर ज्या स्थितीत आवळले जाते तीच त्याची विश्रांतीची स्थिती ठरते. लोंबत्या चाकांवर आवळले, तर गाडी खाली येताच त्यास पीळ पडतो, आणि अंगणात नुसती उभी असतानाही तो पीळ सुटत नाही. त्यावर प्रत्येक खड्ड्याची भर पडून नवे रबर अल्पकाळातच फाटते. म्हणून नट प्रथम हातानेच बसवावेत. चाके लावून गाडी जमिनीवर आणावी, मागे दाबून दोन-चार वेळा हेलकावू द्यावी, आणि सगळा भार चाकांवर असतानाच पाना लावावा. मिस्त्रीने कुरकुर केली, कारण तशा स्थितीत हात नीट पोहोचत नाही. आम्ही चहा सांगितला आणि थांबलो.

आठ दिवसांनी नट पुन्हा तपासले. एकच नट थोडासा फिरला. त्यानंतरच्या रविवारी सर्व मंडळी त्याच घाटाने ओंकारेश्वरास गेली. परतीच्या चढणीवर नानांनी मागे वळून आवाजाविषयी विचारले. सासूबाईंना झोप लागली होती.